कुठले नवघर?

भाईंदर पूर्वेला स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसते ‘नवघर’ सांगितले, तर तो ‘नवघर रोड ना?’ असे विचारून खात्री करून घेतो. गाव आता रस्त्याच्या नावात जाऊन बसले आहे. १९८५ मध्ये आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. त्या काळात आणि नंतर इथे राहायला आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना नवघर हे कधीकाळी स्वतंत्र गाव होते, हे लक्षात ठेवण्याचे काही कारणच उरले नाही. त्यामुळे गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीने दूरध्वनी करून ‘सर, तुमच्या नवघरची एक वस्तू आमच्याकडे सापडली आहे’ असे सांगितले, तेव्हा मला जो आनंद झाला तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

ही मुलगी मराठी घेऊन एम. ए. झाली आणि सध्या एका संग्रहालयात कंत्राटी पद्धतीने काम करते. (संग्रहालयाचे नाव सांगत नाही. जे म्हणायचे आहे ते पुष्कळ ठिकाणी लागू पडेल.) जुन्या नोंदवह्यांतला आणि कार्डांवरचा मजकूर डेटाबेसमध्ये चढवणे हे तिचे काम. वस्तू म्हणजे धान्य मोजण्याचे एक लाकडी माप, काठाला लोखंडी पट्टी ठोकलेले. सोबतच्या कार्डावर शाईने लिहिलेला मजकूर एवढाच : ‘धान्याचे माप, लाकडी. नवघर, जि. ठाणे.’ देणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही. डेटाबेसमध्ये मात्र राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव हे चारही रकाने यादीतून निवडून भरल्याखेरीज नोंद साठवलीच जात नाही. तिने ठाणे निवडले. यादीत नवघर एकच निघाले, आमचे. ते निवडताच नकाशावर टाचणी उमटली, नोंद पूर्ण झाली आणि मग तिला माझी आठवण झाली.

दोन दिवस मी त्या मापाच्या आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी काही कामासाठी वसईला निघालो. भाईंदर सुटले, खाडीचा पूल ओलांडला, नायगाव गेले आणि वसई रोडला उतरून बाहेर आलो, तर एका दुकानाच्या पाटीवर पत्ता : नवघर. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नवघर-माणिकपूर नावाची नगरपरिषद तिथे २००९ पर्यंत होती आणि मग ती वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पण ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत अंतर असते, विशेषतः आपल्या गावाला काही मिळत असेल तेव्हा. त्या पाटीसमोर उभा असताना तिसरे नवघर आठवले, मुलुंड पूर्वेचे. मग चौथे, उरणचे, जिथल्या जमिनी बंदराच्या प्रकल्पात गेल्या. नावाचा उघड अर्थ पाहता याहून अधिक नवघरे असतील तर नवल नाही. जुन्या वस्तीतून चार कुटुंबे उठून नवी घरे बांधतील तिथे हे नाव पडू शकते.

आता कार्डावरचे ‘जि. ठाणे’ पाहा. ते वाचून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तोपर्यंत ठाण्यातच होता. मुलुंड बृहन्मुंबईत आले ते १९५०च्या दशकात, त्याआधी तेही ठाण्यात. उरणसुद्धा एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाब्यात गेले आणि कुलाब्याचे रायगड १९८१ मध्ये झाले. उरणचे नवघर मी बाजूला ठेवतो, कारण इतक्या जुन्या काळी गावच्या धान्याचे माप कोणी संग्रहालयासाठी जमवले असेल असे वाटत नाही. तरी तीन उरतातच. कार्ड लिहिणाऱ्याने त्याच्या काळातला जिल्हा लिहिला आणि डेटाबेसने तो आजच्या काळात वाचला. चूक या दोघांच्या मधल्या फटीत झाली आणि त्या फटीत माझी विद्यार्थिनी बसलेली होती. तिच्यापुढे दोनच मार्ग होते : यादीतले एक गाव निवडणे, किंवा नोंद न साठवता उठणे. तिला दिवसाला ठरावीक नोंदी पूर्ण करायच्या असतात.

यावर कोणी म्हणेल की एका मापाचे गाव तीन स्टेशने इकडे की तिकडे, याने काय बिघडते? मापाच्या बाबतीत तरी पुष्कळ बिघडते. त्यात तांदूळ ओतून ते किती मावते हे आजही मोजता येईल, पण तेवढ्या तांदळाला काय म्हणत आणि अशा किती मापांचा मण होई, हे त्या लाकडात लिहिलेले नाही. कुठे बारा पायल्यांचा मण होता, कुठे सोळा. मेट्रिक पद्धत येण्यापूर्वीचे माप हे गावच्या बोलीसारखे होते आणि बोलीचा नमुना गावाच्या नावाशिवाय नोंदवला तर त्याचे काय होते, हे भाषाशास्त्र शिकवणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको.

चुकीच्या गावाने किती बिघडू शकते याचे याहून मोठे उदाहरण आपल्याच खानदेशातले आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने जमवले गेले आणि ते परदेशातल्या संग्रहालयांत गेले. १८८४ नंतरचा नमुना एकच मानला जाई. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने तो आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळवल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. त्या चिठ्ठीच्या आधाराने शोध घेणाऱ्यांना पक्षी मिळाला नाही आणि तो नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलार यांनी हा नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळले की तो मुळात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्‌झहागनने तो लंडनच्या संग्रहातून चोरून पुन्हा भरला होता आणि त्याला नवे गाव व नवे साल चिकटवले होते. खोट्या चिठ्ठीला वगळून खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांच्या मागे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. मध्ये एकशे तेरा वर्षे गेली होती. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या रानातही आढळला.

हे प्रकरण सहसा चोरीची सुरस कथा म्हणून सांगितले जाते. मला त्यातली वेगळी गोष्ट लागते. त्या चिठ्ठीवर ‘ठिकाण अज्ञात’ असे लिहिलेले असते, तर कोणी मांडवीला गेले नसते. कोणतीही माहिती नसण्याने जितके नुकसान झाले असते, त्याहून अधिक नुकसान एका नेमक्या, नीटनेटक्या, आत्मविश्वासाने लिहिलेल्या गावाने केले. माझ्या विद्यार्थिनीने कोणाला फसवलेले नाही. माइनर्ट्‌झहागनच्या शेजारी तिला बसवणे हा तिच्यावर घोर अन्याय होईल. पण नोंद वाचणाऱ्याला ही दोन गावे सारखीच दिसतात. लबाडीने लिहिलेले गाव आणि यादीने लिहायला लावलेले गाव यांत फरक दाखवणारी कोणतीही खूण नोंदीत नसते.

ही खूण कशी असावी, हे आपल्याकडे संगणक येण्याच्या कितीतरी आधी ठरलेले आहे, आणि तेही पुण्यात. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये तिचे संपादक झाले आणि त्यांचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. शेकडो हस्तलिखितांच्या पाठांतून एक पाठ वर छापायचा आणि बाकीचे पाठभेद खाली द्यायचे, ही पद्धत साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. तिच्यातली एक लहानशी गोष्ट मात्र वर्गात फारशी सांगितली जात नाही. छापलेला पाठ जिथे पुराव्याने पुरता सिद्ध होत नव्हता, तिथे सुकथनकरांनी त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. शब्द गाळला नाही, कारण वाचकाला श्लोक हवा असतो. शब्द पक्का म्हणूनही दिला नाही. पाठ निवडण्याची जबाबदारी संपादकाने घेतली आणि त्या निवडीचे वजन किती, हे त्याच ओळीत सांगितले. काम १९६६ मध्ये पुरे होईपर्यंत संपादक बदलत गेले, पण ती रेघ टिकली.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, संग्रहालयांच्या डेटाबेसमध्ये ही नागमोडी रेघ नाही, आणि ती आणणे हे तांत्रिक काम नसून संपादनाचे काम आहे. म्हणूनच हा विषय संगणकवाल्यांच्या व्यासपीठाऐवजी साहित्याच्या या जागेत मांडण्याचे धाडस करतो आहे. आपल्या वाङ्मयेतिहासाने असे प्रश्न पुष्कळ पचवले आहेत. मुकुंदराजाचे अंबानगर म्हणजे मराठवाड्यातली आंबेजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरा, या वादात पिढ्या गेल्या. परीक्षेत आपण विद्यार्थ्याकडून दोन्ही पक्षांची मांडणी मागतो. ‘योग्य पर्याय निवडा’ असा प्रश्न तिथे घातला, तर त्या प्रश्नकर्त्याला आपण काय म्हणू? डेटाबेस नेमका तोच प्रश्न घालतो आणि उत्तर दिल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही.

‘ठिकाण’ या एका शब्दात किती वेगवेगळी ठिकाणे कोंबलेली असतात, हा आणखी एक घोळ. वसईजवळच्या भुईगावात १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या आदेशाचा तुकडा न. अ. गोरे यांना मिळाला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात आठव्या आदेशाचा तुकडा मिळाला होता. दोन्ही तुकडे आज सोपाऱ्याचे म्हणून ओळखले जातात आणि ते रास्तच आहे. आदेशांचा संच सोपाऱ्याच्या प्राचीन नगरात असणार आणि दगड पुढे इकडेतिकडे गेले असणार. पण भुईगाव हे प्राप्तिस्थान आहे आणि सोपारा हे अनुमान आहे, कितीही सबळ असले तरी. एकाच रकान्यात दोन्हींपैकी एकच लिहायचे ठरले, तर एक तर भुईगाव पुसले जाते, नाही तर सोपाऱ्याच्या शोधात आलेल्या अभ्यासकाला हा तुकडा सापडतच नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीचे. व्हेसूव्हियसच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ साली ही भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली आणि ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्राप्तिस्थानाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. वस्तूच्या अखेरच्या दिवसाबद्दल इतकी खात्री क्वचितच असते. शंका आहे ती निर्मितिस्थानाबद्दल. सुरुवातीला तिचा संबंध मथुरेशी जोडला गेला. पुढे आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, तेरच्या लामतुरे संग्रहातही तशी मूर्ती आहे, आणि मग दख्खनचा दावा बळकट झाला. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावे सांची आणि भरहुतच्या लेखांत आहेत, म्हणजे गाव व्यापारात उठबस असणारे होते. पण पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी एक खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. आता काय लिहायचे? मराठी माणूस म्हणून मला ‘भोकरदन’ लिहायला आवडेल. आवडेल म्हणूनच तो रकाना माझ्या हाती देऊ नये.

आणि मग घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी आमच्या खाडीच्या तोंडावरचा धारावीचा किल्ला पडला आणि नंतर वसई. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. नाशिकला ती ‘नारोशंकराची घंटा’ झाली, मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर मेरी आणि बाळ येशू कोरलेली घंटा टांगली गेली, एक भीमाशंकरी पोहोचली. लोक या सगळ्यांना सरसकट ‘वसईची घंटा’ म्हणतात. पण त्या मोहिमेत साष्टी होती, ठाणे होते, धारावी होती, आणि प्रत्येक ठिकाणी चर्चे होती. ‘वसईची’ हा शब्द इथे गावाचे नाव सांगतो की विजयाचे? मला वाटते, बहुतेक वेळा विजयाचे. त्यात खोटे काही नाही, पण नकाशावर त्याची टाचणी वसईच्या किल्ल्यात रोवली, तर लोकांच्या आठवणीला आपण तिने न दिलेली साक्ष द्यायला लावतो. अशा नोंदीत ‘वसईची (परंपरेने)’ असे दोन शब्द किती काम करतील, आणि त्यांना जागा किती कमी लागेल!

प्राण्यांचे आणि वनस्पतींचे नमुने सांभाळणाऱ्यांनी या बाबतीत इतरांच्या आधी विचार केला, कदाचित रानपिंगळ्यासारख्या धड्यांमुळे. त्यांच्या प्रमाणित नोंदपद्धतीत मूळ चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे, चुकांसकट, वेगळ्या रकान्यात राहतात आणि आजचे गाव दुसऱ्या रकान्यात जाते. शिवाय नकाशावरच्या बिंदूबरोबर त्या बिंदूभोवती किती मीटरपर्यंत चूक असू शकते, तेही लिहिता येते. २००४ मध्ये मांडली गेलेली ही बिंदू-त्रिज्या पद्धत आज जगभर वापरात आहे. म्हणजे ‘साष्टी’ एवढेच लिहिले असेल तर टाचणीऐवजी मोठे वर्तुळ येते आणि पाहणाऱ्याला लगेच कळते की इथे नेमके काही सांगता येत नाही.

मला ही पद्धत अतिशय आवडते, आणि तरीही ती नवघराला पुरत नाही. ‘इथेच कुठेतरी’ आणि ‘इथे किंवा तिथे’ या दोन निराळ्या शंका आहेत. भाईंदर आणि वसई ही दोन्ही नवघरे सामावणारे वर्तुळ काढले, तर त्याचा मध्य खाडीच्या आसपास येईल, आणि त्या मापाचा खाडीशी काडीचाही संबंध नसेल. इथे वर्तुळ नको, तीन नावे हवीत, प्रत्येकापुढे कारण हवे आणि कारण देणाऱ्याचे नाव व तारीख हवी. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली, तिच्यातून राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागल्या, हे मोठेच काम झाले. तिथल्या नोंदींत मूळ स्थान आणि सापडल्याचे स्थान वेगळे दाखवण्याची सोय आहे, हीही चांगली गोष्ट. पण एका रकान्यात दोन परस्परविरोधी उत्तरे सन्मानाने नांदू शकतील अशी सोय, एकूणच, आपल्या नोंदव्यवस्थांच्या स्वभावात अजून यायची आहे.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. ‘मूळ अज्ञात’ हा पुराणवस्तूंच्या चोरट्या व्यापाराचा लाडका शब्द आहे. देवळातून उचललेली मूर्ती बाजारात येते तेव्हा तिचे गाव नेमके ‘अज्ञात’ असते. १९७०चा युनेस्कोचा करार आणि आपला १९७२चा पुराणवस्तूंचा कायदा झाला तोच मुळी वस्तूची वाट विचारता यावी म्हणून. अशा वेळी संशयाला मानाचे पान देण्याची भाषा करणारा लेखक, आपल्या नकळत, चोराला आडोसा देत नाही ना? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आता वाटते की आडोसा संशयाचा नसतो, रिकाम्या शब्दाचा असतो. ‘अज्ञात’ या एका शब्दामागे किमान चार वेगळी माणसे लपू शकतात : ज्याने विचारलेच नाही तो, ज्याने विचारले पण लिहिले नाही तो, ज्याने लिहिले पण ज्याची वही वाळवीने खाल्ली तो, आणि ज्याला ठाऊक आहे पण सांगायचे नाही तो. या चौघांना एकाच शब्दात बसवणे यातच चौथ्याची सोय आहे. शंका कोणाची, कशावरून आणि कधीपासूनची, हे लिहायला लावले की पहिल्या तिघांचे काही बिघडत नाही. चौथा मात्र उघडा पडतो.

पहिल्या तिघांबद्दल थोडी सहानुभूती ठेवली पाहिजे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात समया, अडकित्ते, दरवाजे, दौती पाहत हिंडताना मला नेहमी दिनकर गंगाधर केळकर कवी म्हणून आठवतात. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. कवितेतला अज्ञातवासी पुढे हजारो वस्तूंचा सांभाळ करणारा झाला, हा योगायोग कोणी ठरवून जुळवला असता तर ओढूनताणून आणल्यासारखा वाटला असता. अशा घरगुती वस्तू संग्राहकाकडे कशा येत असतील याची कल्पना केली, की कार्डावरची गावे का गळतात हे समजते. आजीचा अडकित्ता विकायला निघालेल्या घराला आपले आणि आपल्या गावाचे नाव वहीत जावे असे कशाला वाटेल? त्या न विचारण्यात कधी आळस असेल, कधी सभ्यताही असेल. नंतरच्या काळात बसून ‘नीट नोंद का केली नाही’ असे विचारणे सोपे आहे. त्यांनी ती वस्तू उचलली नसती, तर ती मोडीत गेली असती. फक्त एवढेच की, त्यांनी सभ्यतेने मोकळी सोडलेली जागा आज यंत्राच्या सोयीसाठी कोणत्याही गावाने भरणे, हा त्यांच्या सभ्यतेचाही अवमान आहे.

आता आमच्या मापाकडे येतो. मी विद्यार्थिनीला वसईचे आणि मुलुंडचे नवघर सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘सर, म्हणजे तुमचं नाही?’ मी म्हटले, ‘माझं असेलही. पण तुला आणि मला ते माहीत नाही.’ तिने वरिष्ठांना विचारले. टाचणी काढता येत नाही, कारण टाचणी काढली की गावाचा रकाना रिकामा होतो आणि रकाना रिकामा झाला की नोंद ‘अपूर्ण’ या यादीत जाते. अपूर्ण नोंदींचा हिशेब दर महिन्याला वर द्यावा लागतो. मला त्या वरिष्ठांचा राग आला नाही. भरलेल्या रकान्यांची संख्या मोजून कामाची प्रगती मोजणारी पद्धत त्यांनी निर्माण केलेली नाही. ‘शेरा’ नावाचा एक मोकळा रकाना मात्र होता. तिथे तिने लिहिले : मूळ कार्डावर ‘नवघर, जि. ठाणे’ एवढेच, कार्डाला तारीख नाही, भाईंदर, वसई किंवा मुलुंड, तिन्ही शक्य, निवड यादीच्या सोयीसाठी. खाली आपली आद्याक्षरे आणि दिनांक. ‘निवड यादीच्या सोयीसाठी’ हे शब्द तिचे आहेत. मला सुचले नसते. शोधणाऱ्याला तो शेरा दिसत नाही, आधी नोंद उघडावी लागते, हे तिनेच मला सांगितले.

याचे पुढे काय होऊ शकते ते मला स्पष्ट दिसते. कोणीतरी उत्साही माणूस मीरा-भाईंदरच्या इतिहासाची पुस्तिका काढेल, नकाशावर एकुलती एक टाचणी पाहील आणि ‘नवघरचे प्राचीन माप’ असे छायाचित्र त्यात देईल. ‘प्राचीन’ हा शब्द आपोआप येईल. पुस्तिकेतून ते शाळेच्या प्रकल्पात जाईल, आणि मग संग्रहालयाने कधी काळी नोंद दुरुस्त केली, तर आमचीच मंडळी भांडायला जातील की आमचे माप वसईला का दिले. त्या भांडणात मी कोणत्या बाजूला असेन हे मी खात्रीने सांगू शकत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत जे गाव रस्त्याचे नाव झाले, त्याच्याकडे दाखवायला एक माप तरी असावे असे मलाही वाटतेच.

पुढच्या महिन्यात ती परवानगी काढून मापात तांदूळ ओतून पाहणार आहे आणि जो आकडा निघेल तो शेऱ्यात लिहिणार आहे. मी तोवर गावठाणातल्या आणि वसईकडच्या दोन-तीन जुन्या घरांत जाऊन त्यांच्याकडे पायली किती शेरांची होती आणि मण किती पायल्यांचा, हे विचारणार आहे. मुलुंडला अजून कोणी ओळखीचे मिळालेले नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी तिथली आठवण असेल, तर ती ऐकायला मला आवडेल. फक्त ती आठवण कोणाची आणि कोणत्या सालची, हेही सोबत कळवावे.